संमेलनाचा मांडव उतरल्यावर

बेळगाव सीमाभागात कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी अशा गावांतून मराठी साहित्य संमेलने भरतात. ग्रंथदिंडी निघते, कविसंमेलन रंगते, शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतात. हा सोहळा अभिमानास्पदच आहे. परंतु मांडव उतरल्यानंतर, उरलेल्या वर्षात त्या गावची मुले मराठीत काय लिहितात, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे.

घरी मराठी बोलणारे, पण शाळेत अन्य माध्यमातून शिकणारे मूल संमेलनात श्रोता होऊ शकते. लेखक होण्यासाठी त्याला सराव हवा. म्हणून प्रत्येक संयोजन समितीने गावात आठवड्यातून एकदा लेखनवर्ग चालवावा. वाचनालयाची खोली, एक जाणता शिक्षक आणि वह्या एवढ्यावर तो उभा राहील. मुलांनी आजीच्या आठवणी, सुगीचे दिवस लिहावेत, ते सर्वांपुढे वाचावेत आणि पुन्हा लिहावेत.

मात्र तेथे घरच्या बोलीला अशुद्ध म्हणून हिणवू नये. प्रकाश नारायण संतांच्या लंपनच्या कथांत याच परिसरातील कानडी वळणाची बोली आहे, आणि त्या कथा अवघ्या महाराष्ट्राने आपल्या मानल्या. त्यांच्या मातोश्री इंदिरा संत यांचे वास्तव्य बेळगावातच होते. त्यांच्या ‘गर्भरेशीम’ला १९८४ साली साहित्य अकादमी पुरस्कार लाभला.

पुढील संमेलनात पाहुण्यांच्या भाषणाआधी या मुलांना व्यासपीठ मिळावे आणि सत्कार वर्षभर भरत आलेल्या वहीचा व्हावा. भाषेचा हक्क आपण शासनाकडे मागतोच. तिच्यात लिहिण्यासाठी मात्र कोणाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही.