पवनीच्या तरुण मित्रांनो, आधी मागाजवळ बसा

मानसशास्त्र घेतलं म्हणजे पुढे दवाखान्यातच बसायचं, असं पुष्कळ घरांत अजून समजतात. तसं नाही. कारखाना, बँक, सहकारी संस्था, जिथे जिथे माणसं मिळून काम करतात, तिथे त्यांचं का बिनसतं, ती का कंटाळतात, कोणाचं मनापासून ऐकतात, हे अभ्यासणारी या विषयाची शाखाच आहे: संघटनात्मक मानसशास्त्र. एम.ए., मग काही वर्षं एखाद्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागात नोकरी, पुढे स्वतंत्र सल्लागार, असा अनेकांचा रस्ता. या रस्त्याला जरूर लागा. पण आधी एक ऐका.

या विद्येतला जगभर शिकवला जाणारा एक प्रयोग आपल्याच देशात, आणि तोही मागांवर झाला. कोष्टी विणकरांच्या पवनीला तो परका वाटू नये. अहमदाबादच्या कॅलिको मिलने स्वयंचलित माग आणले, तरी उत्पादन म्हणावं तसं वाढेना. 1953 मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तिथे सल्लागार म्हणून काम करत होते. तिथल्या एका शेडमध्ये त्यांना दिसलं ते असं: 224 माग, 29 कामगार आणि कामाचे 12 प्रकार. तुटलेला धागा सांधणारा वेगळा, कांड्या भरणारा वेगळा, तेल देणारा वेगळा. सबंध कापड आपलं म्हणणारा कोणीच नाही. राइस यांनी सुचवलं, ठरावीक मागांचा संच एकेका छोट्या गटाकडे सोपवा. कोणी कोणाबरोबर काम करायचं, हे कामगारांनीच आपसांत ठरवलं. यंत्रं तीच राहिली. उत्पादन वाढलं, खराब माल घटला.

मात्र 1970 मध्ये एरिक मिलर यांनी पुन्हा पाहणी केली, तेव्हा काही ठिकाणी ही पद्धत टिकली होती, काही ठिकाणी कारभार जुन्या वळणावर गेला होता. म्हणजे कामाची घडी एकदा बसवली म्हणून ती आपोआप टिकत नाही. दोन दिवसांच्या शिबिरात नेतृत्व शिकवून देतो म्हणणाऱ्यांपासून म्हणूनच जपून राहा. ‘लीडरशिप कोच’ अशी पाटी लावायला परवाना लागत नाही.

शिक्षण चालू असतानाच मावशीच्या बचत गटात, मच्छीमार संस्थेत, जिथे माग अजून चालतो त्या घरात जाऊन बसा. कोण काय करतं? अध्यक्ष बाहेरगावी गेल्या तर काम अडतं का? सभेला दर वेळी येऊनही एक शब्द न बोलणारी बाई कोण, आणि सभा सुटल्यावर ती काय बोलते? सगळं वहीत लिहा. मग ते त्याच लोकांना वाचून दाखवा. चुकलं असेल तर तेच दुरुस्त करतील. तोवर सल्ला देऊ नका.

संस्थांच्या अध्यक्ष-सचिवांनाही हात जोडून विनंती आहे. अशी पोरं दारात आली तर हिशेबाची वही दाखवू नका हवं तर, पण सभेत त्यांना बसू द्या.