शोध कीं पुरवठा?

‘शोध’ हा शब्द आपल्या भाषेंत पूर्वीं जरा जपून वापरला जात असे. शोध लावणारा म्हणजे हरवलेलें, दडलेलें किंवा दुर्लक्षिलेलें असें कांहीं तरी हुडकून काढणारा, आणि त्यासाठीं वेळ, श्रम व प्रसंगीं लोकांचें हंसें ही किंमत मोजणारा मनुष्य, अशी त्या शब्दामागची कल्पना होती. हल्लीं रॉक आणि ‘इंडी’ संगीताच्या रसिकांत मात्र हा शब्द इतका स्वस्त झाला आहे कीं, एकेक तरुण दिवसाकांठीं दहा-दहा शोध लावीत असतो. ‘या आठवड्यांत मला एक अप्रतिम बँड सापडला,’ असें माझे विद्यार्थी मला उत्साहानें सांगतात. कसा सापडला म्हणून विचारावें, तर उत्तर ठरलेलें: ‘फोननेंच सुचविला.’ आतां, वाण्यानें घरपोंच पाठविलेल्या पिशवींत गूळ निघाला, तर आपण गुळाचा शोध लावला असें कोणी म्हणत नाहीं. त्याला पुरवठा म्हणतात. शोध आणि पुरवठा या दोहोंतील भेद आज बुजविला जात आहे, आणि तो बुजविण्यांत कोणाचें तरी हित आहे, हें दाखविणें हाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

वादाला तोंड फोडण्यापूर्वीं प्रतिपक्षाचें म्हणणें नीट मांडणें न्याय्य होईल. तें त्रिविध आहे. पहिलें असें कीं, सर्व जगाचें संगीत आज प्रत्येकाच्या खिशांत आहे. तेव्हां शोधाला याहून अनुकूल काळ कधींच नव्हता. दुसरें असें कीं, शिफारस करणारें यंत्र निःपक्षपाती असून आपली आवड तें आपल्यापेक्षांही अधिक जाणतें. तिसरें असें कीं, दुकानदार, रेडिओवरील निवेदक, समीक्षक ही मधली दलाली आतां संपली. गुण असेल तर तो आपला श्रोता आपणच गांठतो. हीं तीनही विधानें ऐकावयास गोड आहेत. तीं खरीं आहेत काय, एवढाच प्रश्न आहे.

प्रथम ‘इंडी’ या शब्दाचा उलगडा केला पाहिजे. इंडी म्हणजे गिटारीवर वाजणारा एक विशिष्ट उदास सूर, अशी पुष्कळांची समजूत दिसते. वस्तुतः हा शब्द सुरांतून नव्हे, व्यापारांतून आला. इंडिपेंडंट म्हणजे स्वतंत्र. आणि कोणापासून, तर ध्वनिमुद्रणाच्या बड्या कंपन्यांपासून. १९७७ च्या जानेवारींत मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडनें ‘स्पायरल स्क्रॅच’ ही चार गाण्यांची तबकडी उसनवार पैशांवर स्वतःच काढली. पहिल्या खेपेस प्रती काढल्या हजार. बड्या कंपनीच्या दारांत तिष्ठत न राहतांही गाणें लोकांपर्यंत नेतां येतें, हा धडा त्या हजार तबकड्यांनीं घालून दिला. त्याच्या आदल्याच वर्षीं जेफ ट्रॅव्हिस यानें लंडनमध्यें ‘रफ ट्रेड’ नांवाचें दुकान उघडलें होतें. १९७८ त त्या दुकानानें स्वतः मुद्रिका काढण्यास आरंभ केला, आणि पुढें देशांतील इतर दुकानांशीं हातमिळवणी करून वितरणाची एक निराळीच वाट बांधली. १९८० च्या जानेवारींत ब्रिटनमध्यें इंडी मुद्रिकांची स्वतंत्र क्रमवारी प्रसिद्ध होऊं लागली, तेव्हां तींत प्रवेश मिळण्याची कसोटी सुरांची नव्हती; मुद्रिका बड्या कंपन्यांच्या वितरणाबाहेरून आली आहे कीं नाहीं, एवढीच होती. म्हणजे स्वातंत्र्य होतें तें वाटेचें, चालीचें नव्हे. आज चाल तेवढी लोकांच्या लक्षांत राहिली आणि वाट बव्हंशीं विस्मृतींत गेली.

आतां तिसरें विधान आधीं घेऊं, कारण बाकीच्या दोहोंचा पाया तेंच आहे. गुण आपला श्रोता आपणच गांठतो काय? निक ड्रेक या इंग्रज गायकानें १९६९, १९७१ व १९७२ या सालीं तीन आल्बम काढले. त्या वेळीं तिन्ही फारसे खपले नाहींत. १९७४ च्या नोव्हेंबरांत, वयाच्या अवघ्या २६ व्या वर्षीं, तो वारला. गुण पुरेपूर होता. श्रोता आला नाहीं. मग आज त्याचें नांव रसिकांच्या ओठावर कसें? त्याचें कारण असें कीं, त्याचा निर्माता जो बॉइड यानें आपली कंपनी आयलंड रेकॉर्ड्सला विकतांना, ड्रेकच्या मुद्रिका बाजारांतून कधींही काढून घ्यावयाच्या नाहींत, अशी अट घातली होती. ती पाळली गेली. १९७९ त त्याच्या तीनही आल्बमांचा संच निघाला; एकानें दुसऱ्यास, दुसऱ्यानें तिसऱ्यास तो ऐकविला; आणि १९९९ त एका मोटारीच्या जाहिरातींत त्याचें ‘पिंक मून’ वाजलें, तेव्हां अमेरिकेंत त्याचा खप एकदम वाढला. येथें प्रतिपक्षी म्हणेल, ‘पाहा, शेवटीं यदृच्छेनेंच काम केलें ना?’ मान्य आहे. परंतु काकतालीय न्यायानेंच बोलावयाचें तर, कावळा बसावयास फांदी आधीं शाबूत असावी लागते. ती फांदी जवळजवळ पंचवीस वर्षें राखली, ती एका माणसाच्या अटीनें आणि मूठभर निष्ठावंत श्रोत्यांनीं.

डेट्रॉइटच्या सिक्स्टो रॉड्रिग्जची कथा तर याहून बोलकी आहे. त्याचे १९७० व १९७१ चे दोन आल्बम अमेरिकेंत साफ पडले, आणि पुढें इमारती पाडण्याच्या मजुरीवर त्यानें पोट भरलें. इकडे वर्णद्वेषी राजवटीखालच्या दक्षिण आफ्रिकेंत तींच गाणीं घरोघर पोंचलीं. तो मेला अशी तेथें वदंता होती. आणि आपण तेथें एवढे प्रसिद्ध आहों याची त्याला गंधवार्ताही नव्हती. स्टीफन सेगरमन व क्रेग बार्थोलोम्यू या दोघां रसिकांच्या खटपटीनें १९९७ च्या सुमारास त्याचा ठावठिकाणा लागला. धागा मिळाला तो त्याच्याच एका गाण्यांत आलेल्या डेट्रॉइटनजीकच्या एका गांवाच्या नांवावरून. १९९८ त तो दक्षिण आफ्रिकेंत जाऊन हजारों श्रोत्यांपुढें गायला. या हकीकतीवर २०१२ त निघालेल्या ‘सर्चिंग फॉर शुगर मॅन’ या अनुबोधपटाला पुढच्या वर्षीं ऑस्कर पारितोषिक मिळालें. २०२३ त रॉड्रिग्ज वारला.

याला मी शोध म्हणतों. त्यांत गाण्याचे शब्द पुनःपुन्हां कान देऊन ऐकणें होतें, चौकशी होती, हुकलेले माग होते. आणि मुख्य म्हणजे गाणाऱ्याविषयीं ऋणाची जाणीव होती. ज्याचें गाणें आपण इतकीं वर्षें ऐकलें तो मनुष्य आहे तरी कोठें, आणि त्याचा मोबदला त्याच्या हातीं पोंचला कीं नाहीं, हा प्रश्न त्या रसिकांना पडला. फोननें सुचविलेल्या ‘शोधा’नंतर हा प्रश्न आपल्यापैकीं किती जणांस पडतो?

आतां यंत्राच्या निःपक्षपातीपणाकडे वळूं. हें यंत्र करतें काय? तुम्हीं जें ऐकलें तेंच ऐकणाऱ्या इतरांनीं आणखी काय काय ऐकलें, तें जमवून तें तुमच्यापुढें ठेवतें. तुम्ही गाणें पुरतें ऐकतां कीं मध्येंच सोडून देतां याची नोंद घेतें, आणि पुढचें ताट त्या बेतानें वाढतें. स्पॉटिफायवर गाणें तीस सेकंद वाजलें म्हणजे तें एकदां ऐकलें असें मोजतात. अर्थात् पहिल्या अर्ध्या मिनिटांत जें कानाला टोंचेल तें या हिशेबांत मागें पडावयाचें. परंतु अभिरुचि वाढते ती बहुधा आधीं न आवडलेल्या गोष्टींनींच! व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या न्यूयॉर्कच्या बँडचा १९६७ चा पहिला आल्बम त्या वेळच्या बहुसंख्य कानांना रुचला नाहीं. त्यांतील व्हायोलाचा कर्कश, एकसुरी घोष अनेकांस असह्य झाला. पुढच्या पिढ्यांच्या रॉक संगीताला वळण लावलें तें मात्र त्यानेंच. आवडीचा पाठलाग करणारें यंत्र आवडीला पुढें नेऊं शकत नाहीं. सांवली माणसाला वाट दाखवीत नाहीं.

याच्या उलट जॉन पीलचें उदाहरण घ्या. १९६७ पासून २००४ त मृत्यु येईपर्यंत तो बीबीसीच्या रेडिओ १ वर मुद्रिका वाजवीत असे. १९७८ त बेलफास्टमधील ‘गुड व्हायब्रेशन्स’ या दुकानानें उत्तर आयर्लंडांतल्याच डेरी गांवच्या अंडरटोन्स या पोरसवदा बँडचें ‘टीनेज किक्स’ प्रसिद्ध केलें. पीलनें तें लागोपाठ दोनदां वाजविलें. ‘श्रोत्याला काय आवडतें?’ असा प्रश्न त्यानें केला नाहीं. ‘हें श्रोत्यानें ऐकलेंच पाहिजे,’ असा निर्णय दिला. हा पक्षपात झाला, असें कोणी म्हणेल. होय, झाला, पण तो नांवनिशीवार पक्षपात होता. पीलशीं भांडतां येत असे, त्याला पत्र लिहितां येत असे, त्याची चूक त्याच्या पदरांत घालतां येत असे. यंत्राच्या पक्षपाताला नांव नाहीं, गांव नाहीं.

आणि तो पक्षपात आहे, याविषयीं शंका नको. २०२० त स्पॉटिफायनें अशी योजना जाहीर केली कीं, जी मुद्रिका-कंपनी किंवा जो कलावंत एखाद्या गाण्यावर कमी मानधन घेण्यास कबूल होईल, त्याचें गाणें शिफारशींत पुढें येण्याचा संभव वाढावा. या योजनेचें नांव काय? तर ‘डिस्कव्हरी मोड’, म्हणजे ‘शोध’च! पैसे चारून रेडिओवर गाणीं वाजवून घेण्याच्या प्रकाराची १९५९-६० त अमेरिकेंत जाहीर चौकशी झाली, आणि असे पैसे घेतल्यास तें श्रोत्यांस उघड सांगितलें पाहिजे, असा कायदा १९६० त झाला. कंपनीचें म्हणणें असें कीं, येथें रोख रक्कम आगाऊ घेतली जात नाहीं, आणि श्रोत्याची आवड विचारांत घेतलीच जाते. ठीक आहे, परंतु सवलतीच्या बळावर पुढें आलेल्या गाण्याच्या कपाळावर तशी खूण नसते. दलाल गेला नाहीं. तो पडद्याआड गेला, एवढेंच.

राहिलें पहिलें विधान: सर्व जगाचें संगीत खिशांत आहे. होय, आहे, एका स्पॉटिफायवरच दहा कोटींहून अधिक गाणीं आहेत. पण ग्रंथालयाची किल्ली खिशांत असणें म्हणजे विद्वत्ता नव्हे. शिवाय या सागरांत लहान माशाची स्थिति काय? २०२४ पासून त्याच कंपनीचा नियम असा आहे कीं, मागील बारा महिन्यांत जें गाणें हजार वेळांही ऐकलें गेलें नाहीं, त्याच्या ध्वनिमुद्रणाचें मानधन द्यावयाचें नाहीं. ती रक्कम अधिक ऐकल्या जाणाऱ्या गाण्यांकडे वळवावयाची. एकेका गाण्यामागें ही रक्कम क्षुल्लकच असते, हें कंपनीचें म्हणणें मला मान्य आहे. परंतु तत्त्व क्षुल्लक नाहीं. बझकॉक्सच्या हजार तबकड्या विकल्या गेल्या, तेव्हां हजारही तबकड्यांचें मोल मिळालें. आज नऊशें नव्याण्णव वेळां ऐकलेल्या गाण्याचें मोल शून्य! उद्यांचा निक ड्रेक याच नऊशें नव्याण्णवांत असणार, हें लक्षांत ठेवावें.

येथवर वाचून कित्येक जुने रसिक खूष होतील. म्हणून त्यांनाही दोन शब्द सांगणें प्राप्त आहे. शोधाचा अहंकार हा त्यांचा रोग आहे. निर्वाना या बँडचा पहिला आल्बम १९८९ त सिअॅटलच्या ‘सब पॉप’ या लहान कंपनीनें काढला. दुसरा, ‘नेव्हरमाइंड’, १९९१ त एका बड्या कंपनीनें काढला आणि १९९२ च्या जानेवारींत तो मायकेल जॅक्सनला मागें सारून अमेरिकेच्या क्रमवारींत पहिला आला. लगोलग ‘आम्हीं शोधलेला बँड लोकांनीं बाटविला,’ अशी कुरकुर सुरू झाली. आपल्या आवडीचें गाणें चार लोकांस आवडूं लागतांच ज्याला तें नकोसें होतें, त्याचें प्रेम गाण्यावर नव्हतें. स्वतःच्या वेगळेपणावर होतें.

नव्या साधनांशीं माझें वैर नाहीं. मुंबईच्या काळा घोड्याजवळचें ‘ऱ्हिदम हाऊस’ १९४८ पासून २०१६ पर्यंत चाललें. पण त्याचा लाभ मुंबईकरांस जितका, तितका सावंतवाडीच्या किंवा नांदेडच्या मुलामुलींस कोठून होणार? आज तीं रॉड्रिग्ज घरबसल्या ऐकूं शकतात, ही मोठीच गोष्ट आहे. २००८ त निघालेलें ‘बँडकॅम्प’ डिजिटल विक्रीवर सामान्यतः शेंकडा पंधरा ठेवून घेतें आणि उरलेल्या पैशाचा बहुतेक भाग कलावंताकडे जातो. तेंही यंत्रच आहे. तेव्हां प्रश्न यंत्र असावें कीं नसावें हा नसून, निवड कोणी करावयाची आणि मोल कोणी द्यावयाचें, हा आहे.

म्हणून माझें सांगणें थोडकें आहे. आवडलेल्या गाण्याचा सगळा आल्बम एकदां तरी सलग ऐकावा. तो कोणी काढला, कोठें काढला, हें पाहावें. शक्य असेल तेव्हां तो गाणाऱ्याकडूनच विकत घ्यावा. आणि तो कां आवडला, हें कारणांसह एका तरी माणसाला सांगावें. तानसेन सर्वांना होतां येत नाहीं. कानसेन होतां येतें, पण तें पद फुकट मिळत नाहीं. शोध लावल्याचा मान हवा असेल, तर त्या शोधाचें ऋणही फेडलें पाहिजे. तें फेडावयाचें नसेल, तर निदान पुरवठ्याला पुरवठा म्हणण्याइतका प्रामाणिकपणा तरी आपल्यांत असावा.