कार्यक्रमामागची वही



मुलगा किंवा मुलगी बी.कॉम. झाली की घरात दोनच शब्द ऐकू येतात, बँक आणि तलाठी. त्या परीक्षा जरूर द्याव्यात. पण हिशेब जाणणाऱ्यांना आणखी एक वाट आहे आणि ती आपल्या वस्तीत फारसे कुणी सांगत नाही. कला आणि समाजकार्य करणाऱ्या संस्थांचा कारभार व जमाखर्च सांभाळण्याची ती वाट.

आमच्या नरसीचेच पाहा. संत नामदेवांचे गाव म्हणून इथे यात्रा भरते, कीर्तने होतात. १४ एप्रिलला भीमगीतांचा कार्यक्रम होतो. लोकांना गायक दिसतो, ढोलकीवाला दिसतो. पण मंडपाचे भाडे, परवानगी, लाऊडस्पीकर, मानधन, वर्गणीच्या पावत्या हे पाहणारा माणूस दिसत नाही. त्याचा हिशेब चोख नसेल तर पहिला फटका कलावंताला बसतो. रात्रभर गाऊन सकाळी त्याला "पुढच्या वेळी बघू" असे ऐकावे लागते.

बाबासाहेब तर अर्थशास्त्राचे पंडित. २० जुलै १९२४ रोजी त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तेव्हा चिटणीसासोबत खजिनदारही नेमला होता. निवृत्ती तुळशीराम जाधव हे त्यांचे नाव. गरिबाच्या चार आण्यांचाही जाब देणारा माणूस संस्थेला लागतोच.

हे काम नेमके काय असते? आपल्या राज्यात बहुतेक संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या असतात. दरवर्षी हिशेब तपासून घ्यावा लागतो. विश्वस्त बदलले तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावे लागते. दुसरे म्हणजे, देणगी ज्या कामासाठी आली त्याच कामावर खर्च व्हावी लागते. शाहिरांच्या शिबिरासाठी आलेले ५०,००० रुपये सभागृहाच्या पत्र्यांवर घालता येत नाहीत. विदेशी देणगीचे नियम तर २०२० च्या दुरुस्तीने आणखी कडक झाले. अशा पैशातून कार्यालयीन खर्च २० टक्क्यांपेक्षा जास्त करता येत नाही.

याच जाणकारीने नवी दारेही उघडतात. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करण्याची जबाबदारी टाकली. त्यात शिक्षण-आरोग्याबरोबर कला व संस्कृतीही येते. पण कंपनी आधी तपासलेले हिशेब मागते. ते नसले की चांगली गायन पार्टीसुद्धा दारातूनच परत येते.

या वाटेला कसे लागावे? बी.कॉम. करतानाच टॅली आणि मराठी टंकलेखन शिकावे. वर्ष-दोन वर्षे सनदी लेखापालाच्या कार्यालयात उमेदवारी करावी, शक्यतो जिथे संस्थांचे हिशेब तपासले जातात तिथे. अर्ज आणि प्रकल्पाचा प्रस्ताव स्वच्छ भाषेत लिहिता आला पाहिजे. पुढे समाजकार्याची पदवी घेता आली तर उत्तम. मुंबईत १९३६ साली सुरू झालेली टाटा समाजविज्ञान संस्था त्यासाठी नावाजलेली आहे. १९६९ साली स्थापन झालेल्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्ससारख्या मोठ्या कलाकेंद्रांनाही व्यवस्थापन आणि लेखा पाहणारी माणसे लागतात.

खरे तेही सांगितले पाहिजे. लहान संस्थेत पगार बँकेपेक्षा कमी असतो. प्रकल्प संपला की बऱ्याचदा नोकरीही संपते. म्हणून नेमणुकीचे पत्र आणि भविष्यनिर्वाह निधीची चौकशी केल्याशिवाय रुजू होऊ नये. खोट्या पावतीवर सही करायला कुणी सांगितले तर नोकरी गेली तरी चालेल, सही करू नये. कायद्यापुढे शेवटी सहीच उभी राहते.

पालकांना एक विनंती. तुमच्या विहाराची, महिला मंडळाची किंवा गायन पार्टीची वही यंदा शिकलेल्या मुलीच्या हाती द्या. वर्षभर ती चोख ठेवली की नोकरीच्या मुलाखतीत दाखवायला तिच्याजवळ अनुभव असेल, आणि गाणाऱ्याला त्याच रात्री त्याचे मानधन मिळेल.