त्र्यंबकेश्वर आणि पुढे थोडं

गेल्या फेब्रुवारीत आम्ही पाच मैत्रिणी माजलगावहून नाशिकला गेलो. घरी सांगितलं, त्र्यंबकेश्वरला चाललोय. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. सकाळी दर्शन झालं आणि दुपारी आमची गाडी वळली गंगापूर धरणाच्या बाजूला. वायनरी बघायला!

पाचही जणी पन्नाशीच्या आसपासच्या. गेवराई, संभाजीनगर, येवला असा सहा-सात तासांचा प्रवास, सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. जन्मभर ऊसच बघितलेल्या आम्हाला त्या द्राक्षांच्या रांगांचं भारी अप्रूप. सुलाची पहिली वाईन २००० साली बाजारात आली आणि २००५ मध्ये त्यांनी पाहुण्यांसाठी चव घ्यायची खोली उघडली. आता तिथे जत्रा असते. बायकांचे घोळकेही खूप. माहिती देणारी मुलगी छान मराठीत सांगत होती. वाईनची द्राक्षं बारीक आणि बियांची, खायची वेगळी. लाल रंग येतो सालीचा. म्हणून लाल वाईनला रस सालीसकट आंबवतात, पांढरीला आधीच गाळून घेतात.

‘अगं, म्हणजे हे आपल्या आंबिलीसारखंच की!’ आमच्यातली एक मोठ्यांदा म्हणाली. सगळे हसले.

मग चव. ग्लास दांडीला धरायचा, फिरवायचा, वास घ्यायचा, घोटभर तोंडात घोळवायचा. आवडली नाही तर शेजारच्या भांड्यात ओतून द्यायची. शेनिन ब्लाँ मला बरी वाटली. लाल मात्र हिरडा चघळल्यासारखी तुरट. मी ओतून दिली. कुणी काही म्हणालं नाही.

इथे मला माझंच अवघडलेपण सांगायचंय. काही वर्षांपूर्वी शेजारच्या एका गावात दारूच्या दुकानाविरुद्ध मतदान होतं, तेव्हा मी घरोघर फिरले होते. निम्म्याहून जास्त बायकांनी ‘आडवी बाटली’ निवडली तर दुकान बंद होतं, हे समजावत होते. मग आता हा ग्लास कसा हातात धरला?

‘वाईन म्हणजे दारू नव्हे’ हे उत्तर मला पटत नाही. जानेवारी २०२२ मध्ये सरकारने सुपरमार्केटात वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा काही नेतेमंडळी हेच सांगत होती. केवढा गदारोळ झाला! तो निर्णय अमलात आलाच नाही. वाईनमध्ये बारा-तेरा टक्के अल्कोहोल असतं. दारूचं कुठलंच प्रमाण तब्येतीला निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये सांगितलंय. तेव्हा उगाच गोड बोलण्यात अर्थ नाही. दारू ती दारूच.

फरक आहे तो दुसरीकडे. परत आल्यावर आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या ताईंनी पिशवीतला तो दांडीचा ग्लास बघितला. मी खरं सांगून टाकलं. त्यांनी आयुष्याची वीस वर्षं कोयत्यावर काढलीत आणि नवऱ्याची दारू सोसलीय. वाटलं, तोडून बोलतील. पण त्यांनी एवढंच विचारलं, ‘नको वाटली तर वतून देता येती व्हय तिथं?’ मी हो म्हटलं. ‘मंग बरंय,’ म्हणाल्या आणि ग्लास विसळून ठेवला.

त्यांच्या घरात नको म्हणायची सोय कधी नव्हतीच. त्या गावच्या बायकांना ती मतपेटीतून मिळवावी लागली. मला ती पैसे मोजून, सुट्टीच्या दिवशी, मैत्रिणींच्या संगतीत मिळाली. म्हणून आडवी बाटली पुन्हा उभी राहू नये यासाठी मी पुन्हा फिरेन. आणि नाशिकला जावंसं वाटलं तर तेही करेन. मला यात विसंगती दिसत नाही. तुम्हाला दिसत असेल तर जरूर भांडा.

मला लाज वाटते ती घोटभर वाईनची नाही, अर्धं सांगितल्याची. पुरुष मंडळी ‘पार्टीला चाललो’ म्हणून उघड जातात. आम्ही मात्र पन्नाशीतही देवाला पुढे करून निघतो आणि व्हॉट्सअॅपवर फक्त देवळापुढचे फोटो टाकतो! बाकीचे फोटो अजून फोनमध्येच आहेत.

हे सगळं आता पेपरात छापून येणार. आमच्या सासूबाई ही पुरवणी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात.