पेन्सिलीतली पद्मिनी

लहान मुलांच्या चित्रवहीत मोटार हमखास सापडते. दोन वर्तुळे, त्यांवर एक पेटी, पेटीवर छप्पर आणि दोन चौकोनी खिडक्या. ही मोटार कोणीही ओळखतो. परंतु ती कोणत्याही रस्त्यावर दिसत नाही. चाक गोल असते हे मुलाला ठाऊक असते, म्हणून ते गोलच काढले जाते. हुबेहूब मोटार रेखाटू पाहणाऱ्या मोठ्या माणसाची अडचणही नेमकी हीच असते. हात पुरेसा स्थिर असतो, पेन्सिलही चांगली असते. डोळा आणि कागद यांच्यामध्ये उभी राहते ती आधीची माहिती.

हे उमजण्यासाठी आजच्या गुळगुळीत मोटारीपेक्षा प्रीमियर पद्मिनी अधिक उपयोगी पडते. मूळचे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. मुंबईत कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यात फियाट या इटालियन कंपनीच्या परवान्याने तयार होणारी मोटार १९७४पासून ‘पद्मिनी’ हे नाव लावून बाहेर पडू लागली. कित्येक व्यापारी घरांत दारापुढे उभी राहिलेली पहिली मोटार हीच होती, आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे तर पद्मिनीच. अशी शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली. टॅक्सीसाठी ठरलेली वीस वर्षांची मुदत संपली आणि ऑक्टोबर २०२३अखेर ती मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. तिच्यातून आयुष्यभर प्रवास केलेल्या माणसाला आज ती आठवणीने काढावयास सांगितली, तर दोन गोल दिवे आणि पिवळे टप यांपलीकडे त्याची पेन्सिल सहसा सरकत नाही. हजारदा पाहिलेली वस्तू एकदाही निरखलेली नसते.

म्हणून आरंभ मापाने करावा. माल अंदाजाने जोखू नये हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. चित्रातही तोच नियम आहे. जुने छायाचित्र समोर ठेवावे आणि टायरचा व्यास हे माप धरावे. पद्मिनीच्या पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यांत २३४० मिलिमीटर अंतर असते आणि टायरचा व्यास साधारण ६० सेंटिमीटर. म्हणजे बाजूने पाहता दोन्ही चाकांच्या मध्यांमधील जागेत जवळजवळ चार टायर मावतात आणि जमिनीपासून टपापर्यंतची उंची अडीच टायरांहून थोडी कमी भरते. एवढे दोन आकडे सांभाळले तरी गाडी ओळखू येऊ लागते. मग मागच्या बाजूचे किंचित उचललेले पंख, पुढची क्रोमची जाळी, गोल दिवे हे तपशील आपापल्या जागी बसतात.

मोटार तिरकस उभी असेल, तर चाकाचे वर्तुळ लंबवर्तुळ होते. महाराष्ट्रात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसलेल्यांनी स्थिरचित्रात तांब्याचे तोंड काढलेले असते. तिरके पाहिले की ते तोंड चपटे होते; चाकाचेही तसेच. लक्षात ठेवावयाचे एवढेच, की या लंबवर्तुळाचा आखूड व्यास चाकाच्या आसाच्या दिशेत असतो. तो चुकला, तर आस मोडून चाक निखळल्यासारखे दिसते. उभ्या माणसाच्या डोळ्यांपेक्षा पद्मिनीचे टप खाली असते, म्हणून टपाची, काचांची आणि बंपरची रेषा दूर जाताना किंचित वर चढते आणि नेत्रपातळीच्या रेषेकडे झुकते.

रेषा बसल्या की छटांचे काम सुरू होते. आपण शिसपेन्सिल म्हणतो, परंतु तिच्यात शिसे नसते. असतात ग्रॅफाइट आणि माती. १७९५ साली फ्रान्समध्ये निकोला-जाक काँते यांनी ही दोन्ही मिसळून भाजण्याची रीत शोधली. माती अधिक असेल तर पेन्सिल कठीण आणि फिकी, कमी असेल तर मऊ आणि गडद. आराखडा २एचने हलका काढावा, मधल्या छटा एचबी व २बीने भराव्यात आणि सर्वांत गडद भागासाठी ६बी राखून ठेवावी. हाताखाली कोरा कागद असावा, नाहीतर तळव्याने सारे फासले जाते. जोर लावून काळेपण आणू नये. दाबलेले ग्रॅफाइट चकाकते आणि पुढचा थर धरीत नाही. एकावर एक हलके थर चढवीत जावे.

येथेच दुसरी माहिती आडवी येते : टॅक्सी काळी असते. प्रत्यक्षात तिचा पत्रा आरशासारखा असतो. आकाशाकडे वळलेले बॉनेट उजळ दिसते, रस्त्याकडे वळलेला दाराचा खालचा भाग गडद, आणि दोहोंच्या मध्ये समोरच्या इमारतींची वेडीवाकडी पट्टी उमटते. बंपरच्या क्रोममध्ये तर शुभ्र आणि काळा शेजारी शेजारी असतात; मधली करडी छटा फारशी नसतेच. काच म्हणजे निळसर काही नव्हे. तिच्यात अर्धे आकाश आणि अर्धी आतली आसने दिसतात. टायर जेथे जमिनीला टेकतो तेथील सावली चित्रातील सर्वांत गडद जागा. ती राहिली, तर सारी मोटार हवेत तरंगते.

आणि जी जागा सर्वांत तेजस्वी, दिव्यावरचा किंवा दाराच्या मुठीवरचा उन्हाचा ठिपका, ती काढावयाची नसतेच. तेथे कागद कोरा ठेवावयाचा असतो. नवशिका उत्साहाने सर्व कागद भरून टाकतो आणि मग रबराने प्रकाश शोधू लागतो. एकदा खोल गेलेले ग्रॅफाइट पुरते निघत नाही. काय राखून ठेवावयाचे हे पहिली छटा भरण्यापूर्वीच ठरवावे लागते.

मोटार दिसली की तिची किंमत किती, ती लिटरला किती धावते, कोणी घेतली, हे प्रश्न आपल्या घरांतून सहज उमटतात. चित्र काढणाऱ्या मुलाचे प्रश्न वेगळे असतात : दाराची मूठ कोठे होती, काच किती तिरपी होती, बॉनेटवर कोणाचे प्रतिबिंब पडले होते? सुटीत घरातील जुन्या अल्बममधले फियाटचे एखादे छायाचित्र काढून मुलापुढे ठेवावे. पहिली दोन-तीन चित्रे बिघडतील. त्यानंतर ते वही घेऊन आजोबांकडे जाईल आणि नीट न दिसणाऱ्या तपशिलांविषयी विचारू लागेल. आजोबांनाही डोळे मिटून ती गाडी प्रथमच नीट पाहावी लागेल.