अस्सल, नक्कल आणि बनावट : पद्मिनीच्या इंजिनाचा न्याय कसा करावा?

१/ केवळ इंजिन बदललेले आहे म्हणून एखाद्या प्रीमियर पद्मिनीला ‘खोटी’ ठरवणे हे इतिहासाचे अज्ञान आहे. आणि तो शिक्का टाळण्यासाठी इंजिनावरचा क्रमांक घासून नवा पाडणे हा इतिहासाशी केलेला द्रोह आहे. जुन्या गाड्यांच्या बाजारात आज दोन्ही प्रवृत्ती बोकाळल्या आहेत. हा थ्रेड त्या दोहोंविरुद्ध.

२/ गाडीवरचे इंजिन व चेसिसचे क्रमांक कारखान्याच्या मूळ नोंदीशी जुळणे, म्हणजे ‘नंबर मॅचिंग’. ही कसोटी परदेशातून आली. ऑस्ट्रेलियात १९७१ च्या फोर्ड फाल्कन जीटी-एचओ फेज थ्रीच्या सुमारे ३००च गाड्या बनल्या. इंजिन ३५१ घन इंचांचे, व्ही-८. साध्या फाल्कनमध्ये मोठे इंजिन बसवून तिला जीटी-एचओ म्हणून खपवता येते. तिथे ही कसोटी रास्तच आहे.

३/ आपली पद्मिनी मात्र कष्टकरी गाडी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात फियाट ११०० बनवली. १९७४ मध्ये तिचे नाव ‘पद्मिनी’ झाले. मुंबईच्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली. जी गाडी दोन-दोन पाळ्यांत राबली, तिचे इंजिन कधी उघडलेच नाही, अशी अपेक्षा तरी कशी धरावी?

४/ मूळ इंजिन कोणते, हे आधी गणिताने समजून घ्या. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मि.मी., स्ट्रोक ७५ मि.मी.; हिशेब १०८९ सीसी. आता झिजलेले सिलिंडर रिबोअर करून ०.६ मि.मी. ओव्हरसाइज पिस्टन घातले, तर क्षमता सुमारे ११०९ सीसी होते. क्रमांक जुळतो, क्षमता जुळत नाही! क्रमांकाच्या पूजकांनी सांगावे : हे इंजिन मूळ म्हणायचे की नाही?

५/ उलट बाजूही पाहा. पद्मिनीत डिझेल इंजिन दिसले की ‘गॅरेजवाल्याचा उद्योग’ असा शेरा मारला जातो. पण प्रीमियरने स्वतःच १३७-डी ही डिझेल पद्मिनी काढली होती, १३६६ सीसीची. तेव्हा आधी मॉडेल तपासा, शेरा मग मारा. ११८-एनई ही तर रूपाने फियाट, पण इंजिन निसानचे, ११७१ सीसी. नावातला ‘एनई’ त्याचाच.

६/ आता आपल्या कल्याण-डोंबिवलीकडे या. प्रीमियरच्या येथील कारखान्यात १९९० च्या दशकात प्यूजो ३०९ तयार होत असे. तिच्या डिझेल आवृत्तीत १५२७ सीसीचे प्यूजो इंजिन होते. पुढे मारुतीच्या झेन आणि एस्टीमच्या डिझेल गाड्यांतही त्याच घराण्यातले इंजिन आले. म्हणजे एकाच्या जागी दुसरे बसवले, तर वरवर पाहून ओळखणे कठीण. इथे डोळ्यांपेक्षा क्रमांक आणि कागद हेच साक्षीदार.

७/ साक्षीदार तपासण्याची रीत आपल्याला नवी नाही. राजवाड्यांच्या परंपरेतला संशोधक हाती आलेल्या कागदाला तीन प्रश्न विचारतो : हा अस्सल आहे, नक्कल आहे, की बनावट? नक्कल म्हणजे खोटा कागद नव्हे. ‘मी नक्कल आहे’ असे ती उघड सांगते, म्हणून इतिहासकार तिचा उपयोग करतो. बनावट कागद मात्र आपण अस्सल असल्याचा आव आणतो. दोष जुने-नवेपणात नाही. आव आणण्यात आहे.

८/ हीच त्रयी इंजिनाला लावा. कारखान्यातून आलेले इंजिन अस्सल. रीतसर नोंद करून बदललेले इंजिन नक्कल. क्रमांक घासून ‘जुळवलेले’ इंजिन बनावट.

९/ बनावट ओळखावी कशी? आरटीओच्या कामासाठी चेसिस क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घेतात, ते आठवा. शिलालेखाचा ठसा घेण्यासारखेच ते काम आहे. अंकांची खोली, ओळ आणि वळण पाहा. भोवतालचा पृष्ठभाग पाहा : ओतकामाचा खडबडीतपणा नेमका अंकांपाशीच गुळगुळीत झाला असेल, तर तेथे ग्राइंडर फिरलेला असू शकतो. एकट्या खुणेवर निकाल मात्र देऊ नका.

१०/ मग कागद पाहा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीतील मूलभूत बदलांची नोंद आरसीवर व्हावी लागते. जुन्या आरसी बुकातली इंजिन बदलाची शिक्क्यासह नोंद हा गाडीवरचा कलंक नाही. तो तिच्या चरित्रातला दिनांकित दस्तऐवज आहे.

११/ हे सारे आत्ताच का सांगायचे? जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ नोंदणी दिली. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी. चेसिस, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार नको. पद्मिनी नावाच्या पहिल्या गाड्यांनी २०२४ मध्ये पन्नाशी गाठली. हेतू चांगला, पण ‘मूळ’पणाला मोल आले की क्रमांक घासण्याचा मोहही वाढतो.

१२/ “मग अस्सल इंजिनाला वेगळे महत्त्व नाहीच का?” असा आक्षेप येईल. आहे, निःसंशय आहे. अस्सल इंजिन कारखान्याचा इतिहास सांगते. पण बदललेले इंजिन टॅक्सीवाल्याचा, मेकॅनिकचा, इंधनाच्या भावाचा इतिहास सांगते. पहिला इतिहास मालकांचा आणि दुसरा भंगाराचा, ही वाटणी कोणी केली?

१३/ ठाणे, कल्याण, डोंबिवलीत ज्यांच्या घरी अशी गाडी असेल, त्यांनी ती विकण्यापूर्वी वा भंगारात देण्यापूर्वी एवढे करावे : आरसी बुकाचे प्रत्येक पान, गॅरेजची बिले आणि दोन्ही क्रमांकांचे ठसे यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. घरात कोणी प्रीमियरमध्ये नोकरी केलेले काका-आजोबा असतील, तर त्यांच्या आठवणी तारखांसह लिहून घ्याव्यात.

१४/ आणि रंगकाम करणाऱ्याने ‘साहेब, नंबर पण जुळवून देतो’ असे सांगितले, तर त्याला तेथेच थांबवा. बदललेले इंजिन पुन्हा बदलता येते. घासलेला क्रमांक परत येत नाही.