छंदासाठी कोडिंग करताय? टूल ‘मोफत’ आहे की ‘मुक्त’, ते आधी बघा

हौसेने कोडिंग करणाऱ्यांची सध्या चंगळ आहे. जेटब्रेन्सने ऑक्टोबर 2024 मध्ये वेबस्टॉर्म आणि रायडर हे एरवी पैसे मोजून घ्यावे लागणारे आयडीई बिगर-व्यावसायिक वापरासाठी मोफत केले. मे 2025 मध्ये सी आणि सी++ साठीचं सीलायनही त्याच रांगेत आलं. (आयडीई म्हणजे कोड लिहिणं, चालवणं आणि चुका शोधणं एकाच ठिकाणी करून देणारं सॉफ्टवेअर.)

कंपनी एकदम उदार का झाली? माझ्या मते कारण साधं आहे. मायक्रोसॉफ्टचं व्हीएस कोड 2015 पासून फुकट मिळतंय. ज्या टूलवर हात बसतो, तेच आपण पुढे नोकरीतही मागतो. शिकणारी पोरंच हातची गेली, तर उद्या लायसन्स विकायचं कोणाला?

आता खरी मेख. समजा, तुम्ही वेबस्टॉर्मवर स्वतःसाठी खर्चाचा हिशेब ठेवणारी साइट बनवली, तर काही प्रश्न नाही. शिकणं, ओपन सोर्स काम, छंद, सगळं चालतं. पण ती बघून मावशी म्हणाली, "आमच्या दुकानासाठी पण कर रे, तीन हजार देते," आणि तुम्ही हो म्हणालात, की ते काम व्यावसायिक झालं. त्यासाठी विकतचं लायसन्स हवं. रक्कम किती छोटी आहे याने फरक पडत नाही. शिवाय या मोफत लायसन्समध्ये तुमच्या वापराची निनावी आकडेवारी कंपनीकडे जाते आणि ती बंद करता येत नाही. मला स्वतःला हा सौदा वाईट वाटत नाही, पण तो सौदा आहे हे माहीत असावं.

प्रत्येकाच्या अटी वेगळ्या, हा अजून एक घोळ. पायचार्मचा मूळ भाग कमाईच्या कामालाही मोफत चालतो. व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी वापरून एकटा माणूस ॲप बनवून विकू शकतो. डेल्फीच्या नावातही ‘कम्युनिटी’च आहे, पण तिथे 5,000 डॉलर कमाईची मर्यादा आहे. म्हणजे नाव बघून काहीच कळत नाही, अटी वाचाव्याच लागतात.

मराठीत आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत हे बरंय. मोफत म्हणजे पैसे लागत नाहीत. मुक्त म्हणजे कोड बघता, बदलता, वाटता येतो आणि नंतर कोणी तो हक्क काढून घेऊ शकत नाही. जीसीसी हा कंपायलर 1987 पासून मुक्त आहे. व्हीएस कोड मात्र अधेमधे आहे: मूळ सोर्स मुक्त, पण मायक्रोसॉफ्टची काही एक्स्टेन्शन्स मुक्त नाहीत. एप्रिल 2025 मध्ये त्यांचं सी/सी++ एक्स्टेन्शन कर्सर आणि व्हीएसकोडियममध्ये चालेनासं झालं, तेव्हा बरेच जण वैतागले. खरं तर ती अट लायसन्समध्ये आधीपासूनच होती. फक्त कोणी वाचली नव्हती (मी पण नाही!).

लॅपटॉपच नसेल तर? अँड्रॉइड फोनवर एफ-ड्रॉइडमधून टर्मक्स टाका. त्यात पायथन येतं, क्लँग कंपायलर येतो, सगळं मुक्त. क्लँगला जागा बरीच लागते आणि टचवर महिरपी कंस टाइप करताना जीव मेटाकुटीला येतो. ओटीजी केबलने साधा कीबोर्ड जोडा, खूप फरक पडतो. सी शिकण्यापुरतं एवढं पुरेसं आहे.

आणि हो, कॉलेजात अजून टर्बो सी++ ची निळी स्क्रीन असेल, तर प्रॅक्टिकलपुरती सहन करा. ते 1990 च्या आसपासचं टूल आहे आणि सी++ चं पहिलं स्टँडर्ड आलं 1998 मध्ये. आम्ही पण त्यावरच शिकलो. नंतर जीसीसीवर माझा पहिलाच प्रोग्राम पहिल्याच ओळीला अडला, कारण हेडर फाइलच्या नावातला ‘डॉट एच’ कधीच गेलाय हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.